सरासऱ्यांचा प्रश्न, फैलावाचं उत्तर: अ‍ॅनोव्हा समजून घेताना

एक छोटा प्रयोग डोळ्यांसमोर आणा. एकाच जातीची बारा रोपं घेतली, चार-चारचे तीन गट पाडले आणि प्रत्येक गट वेगळ्या रंगाच्या दिव्याखाली वाढवला. महिन्याभराने उंची मोजली. लाल दिव्याखालची रोपं भरली ११, १२, १२ आणि १३ सेंटिमीटर. निळ्याखालची १३, १४, १४ आणि १५. पांढऱ्याखालची १५, १६, १६ आणि १७. गटांच्या सरासऱ्या आल्या १२, १४ आणि १६.

आता तोच प्रयोग दुसऱ्या कुणीतरी केला असं समजा. त्याला लाल दिव्याखाली मिळाली ६, १०, १४, १८ अशी उंची. निळ्याखाली ८, १२, १६, २०. पांढऱ्याखाली १०, १४, १८, २२. सरासऱ्या काढून बघा. पुन्हा १२, १४ आणि १६.

आकडे समजावण्यासाठी मीच बनवलेत, पण त्यातली गंमत खरी आहे. दोन्ही प्रयोगांच्या सरासऱ्या तंतोतंत सारख्या, तरी तुमचा निकाल दोन्हीकडे सारखा नसेल. पहिल्या प्रयोगात लाल गटातलं सगळ्यात उंच रोप १३ चं आहे आणि पांढऱ्या गटातलं सगळ्यात बुटकं १५ चं. हे दोन गट एकमेकांत मिसळतच नाहीत. दुसऱ्या प्रयोगात लाल गटातलं १८ चं रोप पांढऱ्या गटातल्या दोन रोपांपेक्षा उंच आहे. तिथे दिव्यामुळे फरक पडला असं छातीठोकपणे म्हणायला कुणीही कचरेल, आणि कचरायलाच हवं.

हा निकाल देताना तुम्ही सूत्र वापरलं नाही. डोळ्यांनी दोन गोष्टी तोलल्या: गटांच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती लांब आहेत, आणि एकेका गटात आतल्या आत रोपं किती पसरलेली आहेत. अ‍ॅनोव्हा, म्हणजेच विचरण विश्लेषण (विचरण किंवा व्हेरियन्स म्हणजे फैलावाचं माप), हेच तोलणं आकड्यांत करतं. नावामुळे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. प्रश्न सरासऱ्यांचा आहे, मग नावात विचरण कशाला? कारण सरासऱ्यांमधलं अंतर मोठं की लहान हे सरासऱ्यांकडे पाहून कळतच नाही. चार सेंटिमीटरचं अंतर पहिल्या प्रयोगात खूप आहे आणि दुसऱ्यात नगण्य. मोजपट्टी येते ती गटांच्या आतल्या फैलावातून. ही मोजपट्टी नीट समजली की अ‍ॅनोव्हाचा बाकीचा डोलारा आपोआप उलगडतो, आणि संशोधनात जे गंभीर घोळ होतात ते बहुतेक या मोजपट्टीतच होतात असं माझं मत आहे.

आता हेच हाताने करून पाहू. सॉफ्टवेअर हे सगळं क्षणात करतं, पण एकदा तरी कागदावर केल्याशिवाय ते अंगवळणी पडत नाही.

आधी गटाच्या आतलं विचरण. पहिल्या प्रयोगात लाल गटाची सरासरी १२. रोपांचं तिच्यापासूनचं अंतर: वजा १, ०, ०, अधिक १. वर्ग करून बेरीज केली की २. निळ्या आणि पांढऱ्या गटांतही तसंच, म्हणून एकूण ६. याला भागायचं कितीने? रोपं बारा आहेत, पण भागायचं ९ ने. प्रत्येक गटात चार अंतरांची बेरीज शून्यच यायला हवी, त्यामुळे तीन अंतरं कळली की चौथं ठरूनच जातं. म्हणजे गटामागे तीनच आकडे मोकळे, आणि तीन गटांचे मिळून नऊ. पुस्तकात ज्याला डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात ते हेच मोकळे आकडे. ६ भागिले ९ म्हणजे ०.६७. एकाच दिव्याखाली, एकसारख्या वागणुकीतही रोपं एकमेकांपेक्षा किती वेगळी निघतात, त्याचा हा अंदाज.

आता गटांमधलं विचरण. सरासऱ्या १२, १४, १६ आणि सगळ्यांची मिळून सरासरी १४. अंतरं वजा २, ०, अधिक २; वर्गांची बेरीज ८; मोकळे आकडे दोन; म्हणून सरासऱ्यांचं विचरण ४. पण हा ४ थेट ०.६७ शी ताडून चालणार नाही. सरासरी ही एकट्या रोपापेक्षा जात्याच शांत असते. चार रोपांच्या सरासरीत एखादं उंच रोप एखाद्या बुटक्याला झाकून घेतं, त्यामुळे अशा सरासरीचं विचरण एकट्या रोपाच्या विचरणाच्या एक चतुर्थांश असतं. दोन्ही एका पातळीवर आणायला ४ ला ४ ने गुणायचं. आले १६.

१६ भागिले ०.६७. पूर्ण अपूर्णांक धरला तर उत्तर बरोबर २४ येतं. हा एफ.

दुसऱ्या प्रयोगात अंश तोच, १६, कारण सरासऱ्या त्याच. फक्त छेद बदलला: प्रत्येक गटात वर्गांची बेरीज ८०, एकूण २४०, भागिले ९ म्हणजे २६.६७. एफ येतो ०.६. त्याच सरासऱ्या, एकीकडे २४ आणि दुसरीकडे ०.६.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण या भागाकारामागची कल्पना फार देखणी आहे. समजा दिव्याच्या रंगाने काहीही फरक पडत नाही. मग तीन गट म्हणजे एकाच गठ्ठ्यातून योगायोगाने उचललेले तीन नमुने. त्यांच्या सरासऱ्यांत जो थोडाफार फरक दिसेल तो निव्वळ रोपा-रोपांतल्या नैसर्गिक फरकातून आलेला असेल. म्हणजे अंश आणि छेद हे दोन वेगवेगळ्या वाटांनी काढलेले एकाच गोष्टीचे अंदाज ठरतात, आणि त्यांचा भागाकार १ च्या आसपास यायला हवा. पण रंगाने खरंच फरक पडत असेल, तर तो फरक फक्त अंशात शिरतो. छेदाला त्याची गंधवार्ता नसते, कारण छेद प्रत्येक गटात आतल्या आत मोजलेला आहे. म्हणून एफ १ पेक्षा जितका मोठा, तितका 'काहीच फरक नाही' या म्हणण्यावरचा विश्वास कमी.

१ पेक्षा किती मोठा असला म्हणजे पुरे, हे मोकळ्या आकड्यांवर ठरतं. आपल्याकडे अंशात २ आणि छेदात ९ आहेत. रंगाचा काहीच परिणाम नसेल तर एफ ४.२६ च्या वर जाण्याची शक्यता केवळ ५ टक्के. आपला २४ त्याच्या कितीतरी पुढे आहे; त्याची पी-व्हॅल्यू ०.०००२५ च्या आसपास येते. दुसऱ्या प्रयोगातल्या ०.६ ची येते ०.५७.

पी-व्हॅल्यूचा अर्थ सांगताना अनुभवी लोकांचीही जीभ घसरते, म्हणून एकदा नीट लिहिते. ०.५७ म्हणजे 'फरक नसण्याची शक्यता ५७ टक्के' असं नव्हे. गटांमध्ये खरा फरक नाही असं धरून चाललो, तर एवढा किंवा याहून मोठा एफ निव्वळ योगायोगाने ५७ टक्के वेळा दिसेल, एवढंच ते सांगतं. म्हणून दुसऱ्या प्रयोगावरून 'तिन्ही दिवे सारखेच' असा निष्कर्ष काढता येत नाही. गटामागे चार रोपं आणि एवढा फैलाव असताना फरक असता तरी दिसला नसता, असंच तिथे म्हणावं लागेल.

मग साधा प्रश्न: तीन गट आहेत तर दोन-दोनच्या तीन जोड्या करून प्रत्येक जोडीला टी-टेस्ट, म्हणजे दोनच गटांच्या सरासऱ्या ताडणारी चाचणी, का लावू नये? नवीन संशोधकांच्या प्रबंधांत हे सर्रास दिसतं. अडचण अशी की प्रत्येक चाचणीत ५ टक्के खोटी हाक उठण्याची मुभा आपणच दिलेली असते. पाच गट असले तर जोड्या होतात १०. दहा गट असले तर ४५. दहा चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर कुठेही खरा फरक नसताना निदान एक तरी चाचणी 'फरक सापडला' म्हणून ओरडण्याची शक्यता सुमारे ४० टक्के होते. जोड्यांत तेच तेच गट येत असल्यामुळे प्रत्यक्षात ती काहीशी कमी भरते, तरी ५ टक्क्यांच्या जवळपासही राहत नाही. अ‍ॅनोव्हा आधी एकच प्रश्न विचारतं: या गटांत कुठेही काही फरक आहे का? आणि त्या एका प्रश्नाची चूक ५ टक्क्यांवर बांधून ठेवतं. शिवाय मोजपट्टी सगळ्या गटांच्या मिळून तयार होते, त्यामुळे ती जास्त भरवशाची. लाल-निळ्या जोडीची वेगळी टी-टेस्ट केली असती तर छेदात मोकळे आकडे ६ च राहिले असते. इथे ९ आहेत. गट दोनच असतील तर मात्र दोन्ही एकच: एफ म्हणजे टी चा वर्ग.

ही सगळी मांडणी ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांची. सांख्यिकीत 'व्हेरियन्स' हा शब्द त्यांनी १९१८ च्या एका निबंधात आणला, तो आनुवंशिकतेच्या संदर्भात. १९१९ मध्ये ते इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथे १८४३ पासून शेतांवर प्रयोग चालू होते आणि उत्पन्नाच्या नोंदींचे ढीग साठले होते. शेतातला प्रयोग म्हणजे फैलावाशी रोजची झुंज. एकाच खताचे दोन शेजारचे वाफेही सारखं पीक देत नाहीत. माती बदलते, ओल बदलते. खताचा परिणाम आणि मातीचा चढउतार वेगळे कसे करायचे, या अडचणीतून विचरणाची अशी फोड जन्माला आली. १९२५ मध्ये संशोधकांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकातून ती जगभर गेली. फिशर स्वतः एफ नव्हे तर त्याच्या लॉगॅरिदमचा अर्धा भाग वापरत. आज आपण वापरतो तो सरळ भागाकार अमेरिकेतल्या आयोवाच्या जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३४ मध्ये रूढ केला आणि फिशरच्या सन्मानार्थ त्याला एफ हे अक्षर दिलं.

आता एफ मोठा आला. पुढे काय? कुठेतरी फरक आहे एवढंच त्याने सांगितलं. कुठे आहे ते सांगितलेलं नाही. तीनपैकी एकच गट वेगळा असू शकतो, तिन्ही वेगळे असू शकतात. त्यासाठी मागाहूनच्या तुलना करतात, ज्यांना पोस्ट-हॉक म्हणायची पद्धत आहे. सगळ्या जोड्या तपासायच्या असतील तर जॉन ट्यूकी यांची पद्धत सगळ्यात सोयीची. आपल्या पहिल्या प्रयोगात ती सांगते की दोन सरासऱ्यांत साधारण १.६१ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तरच फरक मानायचा. आपली अंतरं २, २ आणि ४ आहेत, म्हणजे तिन्ही जोड्या वेगळ्या ठरतात. बॉन्फेरोनी त्याहून सोपी: जितक्या तुलना, तितक्याने ०.०५ ला भागायचं. तुलना वाढल्या की ती फार कडक होते, हे लक्षात ठेवून वापरावी.

पण माझा खरा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. बऱ्याचदा संशोधकाला आधीपासून एक ठराविक प्रश्न पडलेला असतो, उदाहरणार्थ, रंगीत दिवे दोन्ही मिळून पांढऱ्यापेक्षा वेगळे आहेत का? तसं असेल तर ती तुलना प्रयोग करण्याआधी लिहून ठेवावी आणि तीच तपासावी. एका नेमक्या प्रश्नाला जोर असतो. सगळ्या जोड्यांचं जाळं टाकून बसलं की तो जोर वाटला जातो. आणि आकडे पाहून झाल्यावर 'मला हेच विचारायचं होतं' म्हणणं, हे तर स्वतःचीच फसवणूक करणं झालं.

पी-व्हॅल्यूच्या जोडीला परिणामाचं मापही द्यावं. वर्गांच्या बेरजा इथे कामी येतात. पहिल्या प्रयोगात एकूण बेरीज ३८: त्यातले ३२ गटांमुळे, ६ गटांच्या आतले. ३२ भागिले ३८ म्हणजे ०.८४. याला ईटा-स्क्वेअर्ड म्हणतात. उंचीतल्या फरकापैकी ८४ टक्के वाटा दिव्याच्या रंगाशी जुळतो, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या प्रयोगात तोच वाटा २७२ पैकी ३२, म्हणजे जेमतेम १२ टक्के. नमुना प्रचंड मोठा असला की क्षुल्लक फरकाचीही पी-व्हॅल्यू चिमुकली होते, आणि मग ईटा-स्क्वेअर्ड पाहिल्यावर खरं चित्र कळतं. नमुना लहान असला की उलटा धोका. जेकब कोहेन यांच्या १९९२ च्या तक्त्यानुसार तीन गटांतला मध्यम आकाराचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल तर गटामागे सुमारे ५२ नमुने लागतात. गटामागे दहा-बारा जणांवर प्रयोग करून 'फरक आढळला नाही' असं लिहिणाऱ्यांनी हा आकडा टेबलावर चिकटवून ठेवावा.

अ‍ॅनोव्हाच्या अटी तीन सांगतात: आकडे नॉर्मल वितरणाचे (मध्यावर दाट आणि दोन्ही बाजूंना सारखे विरळ होत जाणारे) असावेत, गटांचे फैलाव सारखे असावेत, आणि नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात. या तिघी एका तोलाच्या नाहीत. पहिलीचा बाऊ जास्त होतो. मुळात ती सगळ्या आकड्यांच्या ढिगाला लागू नसून, गटाची सरासरी वजा केल्यावर जे उरतं त्याला लागू आहे. नमुना बऱ्यापैकी असला आणि आकडे टोकाचे एकांगी नसले तर एफ थोडंफार डगमगणं सहन करतो. आकडे फारच वाकडे असतील, किंवा नुसते क्रम असतील, तर क्रमांवर चालणारी १९५२ ची क्रुस्कल-वॉलिस चाचणी आहेच.

दुसरी अट मधली. गटांत नमुने समसमान असतील तर फैलाव थोडे वेगळे असले तरी निभावतं. लहान गटाचा फैलाव मोठा असेल तर मात्र खोट्या हाका वाढतात, आणि मोठ्या गटाचा फैलाव मोठा असेल तर खरा फरकही दबून जातो. त्यासाठी आधी फैलावाची वेगळी चाचणी घ्यायची आणि ती पास झाली तरच अ‍ॅनोव्हा करायचं, अशी पद्धत अनेक ठिकाणी शिकवतात. जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ मध्येच याची तुलना, मोठं जहाज निघण्याइतका समुद्र शांत आहे का हे पाहायला वल्ह्यांची होडी समुद्रात लोटण्याशी केली होती. त्यापेक्षा फैलाव वेगळे असण्याची शंका असली की थेट वेल्चचं अ‍ॅनोव्हा वापरावं. ते १९५१ पासून उपलब्ध आहे आणि आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एका खुणेवर मिळतं.

तिसऱ्या अटीकडे येण्याआधी, घटक दोन असले की काय होतं ते पाहू, कारण अ‍ॅनोव्हाची खरी ताकद तिथे दिसते. दिव्याच्या रंगाबरोबर पाणीही बदललं, समजा. लाल दिव्याखाली कमी पाणी दिलेल्या रोपांची सरासरी १०, जास्त पाणी दिलेल्यांची १४. निळ्याखाली उलट: कमी पाण्यात १४, जास्त पाण्यात १०. आता लाल दिव्याची एकूण सरासरी १२, निळ्याचीही १२. कमी पाण्याची १२, जास्त पाण्याचीही १२. ज्याने रंगाच्या एकूण सरासऱ्या वेगळ्या आणि पाण्याच्या वेगळ्या पाहिल्या असत्या, तो दोन्ही वेळा 'काही फरक नाही' म्हणून परत गेला असता. प्रत्यक्षात फरक आहे आणि चांगला चार सेंटिमीटरचा आहे, फक्त तो जोडीत आहे: कोणतं पाणी चांगलं हे दिव्यावर अवलंबून आहे. याला इंटरॅक्शन, म्हणजे घटकांची आंतरक्रिया म्हणतात. दोन घटकांचं अ‍ॅनोव्हा एकूण विचरणाचे चार वाटे करतं: रंगाचा, पाण्याचा, दोघांच्या आंतरक्रियेचा आणि उरलेला आतला फैलाव. अहवाल वाचताना आधी आंतरक्रियेची ओळ वाचावी. ती ठळक असेल तर 'पाण्याने सरासरी इतका फरक पडतो' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. कोणत्या दिव्याखाली, हे विचारावंच लागतं. आकड्यांपेक्षा चित्र इथे लवकर बोलतं. सरासऱ्या बिंदूंनी मांडून रेषांनी जोडा. रेषा समांतर असतील तर आंतरक्रिया नाही, कात्रीसारख्या छेदत असतील तर ती डोळ्यांत भरेल.

आता स्वतंत्रपणाची अट. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी तिचा निकाल घेऊन माझ्याकडे आली. रोपं, तीन दिवे, गटामागे वीस, एकूण साठ. एफ चांगला दणदणीत, कंसात मोकळे आकडे २ आणि ५७, पी-व्हॅल्यू शून्याला टेकलेली. ती खुशीत होती. मी विचारलं, "ट्रे किती होते?"

"तीन, मॅडम. एकेका दिव्याखाली एकेक."

आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. वीसही रोपं एका ट्रेमध्ये होती, त्यांना एकच माती, एकच ओल आणि खोलीतला एकच कोपरा मिळाला होता. छेदात जो फैलाव गेला तो एका ट्रेमधल्या शेजारी रोपांमधला. पण तुलना होती दिव्यांची, आणि दिवा दिला होता ट्रेला, रोपाला नव्हे. एका ट्रेची माती थोडी सकस असती तरी वीसच्या वीस रोपं उंच झाली असती आणि श्रेय दिव्याला गेलं असतं. खरा प्रश्न होता: एकाच रंगाच्या दिव्याखालचे दोन ट्रे एकमेकांपेक्षा किती वेगळे निघतात? त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतंच, कारण रंगामागे ट्रे एकच होता. ट्रेच्या हिशेबाने तीन नोंदी, अंशात मोकळे आकडे दोन आणि छेदात शून्य. ती बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिली. सहा महिन्यांची मेहनत होती.

ही चूक तिची एकटीची नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसंस्थाशास्त्रातले १७६ प्रयोग तपासले, तेव्हा २७ टक्के प्रयोगांत हाच दोष सापडला. ज्यांनी सांख्यिकी चाचण्या वापरल्या होत्या त्यांच्यापुरतं पाहिलं तर ४८ टक्क्यांत. त्यांनी याला स्युडोरेप्लिकेशन नाव दिलं, म्हणजे पुनरावृत्तीचा नुसता भास. वर्गाला शिकवण्याची पद्धत ठरवून दिली आणि मोजले विद्यार्थी. पिंजऱ्याला औषध दिलं आणि मोजले उंदीर. एकाच माणसाचा रक्तदाब दहा वेळा मोजला आणि नमुने दहा धरले. सगळीकडे आजार एकच. उपचार ज्याला स्वतंत्रपणे वाटून दिला, तोच नमुना. एकाच माणसाला तिन्ही उपचार आलटून-पालटून द्यायचे असतील तर जरूर द्यावेत; त्यासाठी पुनरावृत्त मापनाचं अ‍ॅनोव्हा आहे, जे माणसा-माणसांतला फरक बाजूला काढून छेद बारीक करतं. पण मग मोजमापांना वेगवेगळी माणसं समजायचं नाही.

खुद्द फिशरही यातून सुटले नव्हते, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. विचरण विश्लेषणाचा शेतीतला एक सुरुवातीचा निबंध त्यांनी विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासह १९२३ मध्ये लिहिला. बटाट्याच्या १२ जाती वाफ्यांमध्ये लावल्या होत्या, आणि प्रत्येक वाफ्यातल्या तीन ओळींना पोटॅशची तीन वेगवेगळी वागणूक दिली होती. म्हणजे जात मिळाली वाफ्याला आणि पोटॅश मिळालं ओळीला. एका वाफ्यातल्या ओळी एकमेकींना जवळच्या. दोन वाफे एकमेकांना तितके जवळचे नसणार. त्यामुळे जातींची तुलना वाफ्यांच्या फैलावाशी आणि पोटॅशची तुलना ओळींच्या फैलावाशी व्हायला हवी होती. १९२३ च्या निबंधात दोन्हींसाठी एकच छेद वापरला गेला. १९२५ च्या पुस्तकात त्याच प्रयोगाच्या आकड्यांवर काम करताना फिशर यांनी दोन छेद वेगळे काढले. आज ज्याला स्प्लिट-प्लॉट म्हणतात ती मांडणी हीच.

विद्यार्थिनीने प्रयोग पुन्हा उभा केला. या वेळी १८ ट्रे, रंगामागे सहा, प्रत्येक ट्रेला स्वतःचा दिवा. कोणता ट्रे कोणत्या रंगाला आणि खोलीत कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ट्रेमध्ये रोपं वीसच, म्हणजे एकूण ३६०. पण प्रत्येक ट्रेची सरासरी काढून तिने विश्लेषणात १८ च आकडे घातले. एफ या वेळी पहिल्याइतका दणदणीत नव्हता, तरी ५ टक्क्यांच्या ३.६८ या मर्यादेच्या पुढे गेला. अहवालात कंसात तिने २ आणि १५ लिहिलं, आणि खाली एक ओळ जोडली: नमुना म्हणजे ट्रे.